कोरलवरचा तपकिरी शेंबूड: आधी ओळखा, मग हात घाला

दुपारी चारच्या सुमाराला रीफ टँककडे (जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँककडे) नीट बघा. कोरलच्या टोकांवरून तपकिरी, शेंबडासारखे धागे लोंबत असतील, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा एक बुडबुडा अडकलेला असेल, आणि रात्री दिवे गेल्यावर दोन-तीन तासांत तो पसारा निम्म्यावर येत असेल, तर ते शेवाळ नसून बहुतेक डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव आहेत. रीफ पाळणारे त्यांना नुसतं ‘डायनो’ म्हणतात. यांच्यावर शेवाळाचे नेहमीचे उपाय केले (खाणं कमी, पाणी जास्त बदला, फॉस्फेट शोषणारी मीडिया घाला) की ते कमी होण्याऐवजी फोफावतात. म्हणून ओळख पटेपर्यंत काहीही ओतायचं नाही.

ओळख

गोंधळ तिघांत होतो. सायनोबॅक्टेरिया लालसर-जांभळे किंवा काळपट हिरवे असतात आणि दुधावरची साय उचलावी तसा त्यांचा अख्खा पापुद्रा निघतो. डायटम म्हणजे नव्या टँकमध्ये काचेवर आणि वाळूवर बसणारी तपकिरी धूळ. बोट फिरवलं की पुसली जाते, धागे धरत नाही. डायनो चिकट असतात, फुंकरीने सुटतात आणि तासाभरात परत जमतात.

घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. ड्रॉपरने थोडा शेंबूड टँकच्याच पाण्यासह बरणीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा आणि ते पाणी कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. त्यात पुन्हा धागे किंवा गोळे जमले तर डायनो. तसंच राहिलं तर दुसरं काहीतरी.

पण कोणते डायनो, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय कळत नाही, आणि पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो. १०० पटीवर हालचाल दिसते, आकार ओळखायला ४०० पट लागते. नमुना काढल्यावर काही मिनिटांतच बघा. ऑस्ट्रिऑप्सिसची पेशी सफरचंदाच्या बीसारखी, एका टोकाला निमुळती असते आणि खुंटीला बांधलेल्या वासरासारखी त्या टोकाभोवती गिरक्या घेते. अँफिडिनियम चपटं, अंडाकृती, पुढे छोटीशी चोच असलेलं. ते सरपटल्यासारखं पुढे जातं. गोल, सोनेरी आणि ढिम्म न हलणाऱ्या पेशी दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा कोरलने बाहेर टाकलेल्या झूझँथेली, म्हणजे एरवी कोरलच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म पेशी आहेत. झूझँथेली हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच, म्हणून ‘फक्त डायनो मारतं’ असं औषध कुणी विकलं तर ते कोरलच्या पोटातल्या डायनोंना कसं ओळखणार, एवढं विचारून बघा.

डायनो का येतात

बहुतेक वेळा अतिस्वच्छतेमुळे. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आले की हिरवं शेवाळ, डायटम, जिवाणू असे जागेसाठी भांडणारे सगळे उपाशी पडतात. डायनो मात्र प्रकाशावरही जगतात आणि जिवाणू, खाण्याचे कण गिळूनही जगतात. रिकामं मैदान त्यांना मिळतं. कोरड्या खडकावर उभारलेल्या नव्या टँकमध्ये हे जास्त दिसतं, कारण तिथे मुळात स्पर्धकच कमी असतात.

त्यामुळे पहिलं काम मोजणं. रंग जुळवायच्या साध्या किटवर फॉस्फेट ‘०’ आला म्हणजे काहीच कळलं नाही. हॅनाच्या अल्ट्रा लो रेंज चेकरसारखं डिजिटल साधन घ्या. फॉस्फरस पीपीबीत (अब्जात किती भाग) दाखवणारं मॉडेल असेल तर आकड्याला ३.०६७ ने गुणून १००० ने भागा, म्हणजे फॉस्फेट पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मिळेल. लक्ष्य ठेवायचं ते नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम.

खत घालणं

आधी जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारी मीडिया, काढा. रेफ्युजियमचा (मुद्दाम शेवाळ वाढवायच्या वेगळ्या कप्प्याचा) दिवा बंद करा. नायट्रेट-फॉस्फेट कमी करणाऱ्या जिवाणूंना खाणं म्हणून व्होडका, व्हिनेगर किंवा बायोपेलेट चालू असतील तर आठवडाभरात टप्प्याटप्प्याने थांबवा, एकदम नाही. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) चालू राहू द्या, ऑक्सिजनसाठी तो हवा. मग दोन द्रावणं बनवा, दोन्ही आरओ-डीआय पाण्यात (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेल्या शुद्ध पाण्यात):

नायट्रेट: सोडियम नायट्रेट १३.७ ग्रॅम, एकूण १ लिटर होईपर्यंत पाणी. याचे १० मिली १०० लिटर टँकमध्ये १ पीपीएम नायट्रेट वाढवतात.

फॉस्फेट: ट्रायसोडियम फॉस्फेट डोडेकाहायड्रेट ४ ग्रॅम, तसंच १ लिटर. याचा १ मिली १०० लिटरमध्ये ०.०१ पीपीएम वाढवतो. पावडर निर्जल असेल तर ४ ऐवजी १.७३ ग्रॅम घ्या. साफसफाईसाठी विकली जाणारी पावडर नको, लॅब किंवा फूड ग्रेडची घ्या.

लिटर मोजताना खडक-वाळूची जागा वजा करा, नाहीतर २०० लिटरच्या टँकमध्ये १७० लिटरच पाणी निघतं आणि डोस जास्त होतो. नायट्रेट दिवसाला १ ते २, फॉस्फेट ०.०२ पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका. डोस जोरदार प्रवाहात टाका, कोरलवर नाही. पहिले काही दिवस फॉस्फेट संध्याकाळी घालावं आणि सकाळी पुन्हा ०.०० दिसावं, असं चालतं. खडक तो शोषून घेतो. हिशेब चुकला असं समजून दुप्पट डोस टाकायचा मोह इथेच होतो आणि इथेच कोरलची टोकं जळतात. रोज मोजा, रोज तेवढंच घाला, आकडा टिकायला लागला की कमी करा. नुसतं जास्त खाणं टाकूनही आकडे वाढतात, पण त्यातले कण डायनोही खातात आणि किती वाढलं याचा अंदाज राहत नाही.

कोरलवरून काढणं

आवरण बसलेल्या जागी प्रकाश पोचत नाही आणि तिथली कातडी मरते, म्हणून रसायन सुधारेपर्यंत हाताने काढत राहावं लागतं. वेळ दुपारची निवडा, तेव्हा सगळे डायनो वर असतात. सुई नसलेली ६० मिलीची सिरिंज भरा आणि बोटभर अंतरावरून पाणी मारा. जिवंत भागावर ब्रश नको. टूथब्रश फक्त फ्रॅग प्लगवर (कोरलचा तुकडा चिकटवलेल्या चकतीवर) आणि मेलेल्या सांगाड्यावर. सुटलेलं लगेच पातळ नळीने उपसा आणि ५ ते १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून (कापडी गाळणीतून) संपमध्ये (मुख्य टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) परत सोडा, म्हणजे पाणी बदलावं लागत नाही. सॉक त्याच दिवशी धुवा. या काळात मोठे पाणीबदल टाळलेले बरे, बऱ्याचदा ताज्या मिठाच्या पाण्यानंतर डायनो उसळतात.

नळीला तोंड लावून पाणी ओढायचं नाही, हे पक्कं. ऑस्ट्रिऑप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं बनवतं. २००५ च्या जुलैत इटलीत जिनोव्हाच्या किनाऱ्यावर त्याच्या बहरामुळे सुमारे २०० जणांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. टँकमध्ये गोगलगायी पटापट उताण्या पडू लागल्या तर याच विषाची शंका घ्या. हातमोजे, चष्मा, आणि संपमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन. तो दर चार-पाच दिवसांनी बदला. झोअँथिड (बटणांसारखे मऊ कोरल) चिकटलेला खडक कधीही उकळू नका किंवा उघड्या हाताने घासू नका, तिथेही तेच विष.

रात्रीचं काम

ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगतं. तेव्हा यूव्ही (अतिनील दिव्यासमोरून पाणी नेऊन जंतू मारणारं यंत्र) त्याला पकडतो. ढोबळ माप १० लिटरला १ वॅट, म्हणजे ४०० लिटरला ४० वॅट. पाणी मुख्य टँकमधून घ्या आणि मुख्य टँकमध्येच सोडा, तासाला टँकच्या एक ते तीन पट वेगाने. संपमध्ये बसवलेला यूव्ही या कामात फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथवर पोचेपर्यंत बरेचसे डायनो वरच फिरत राहतात. वर्ष झालेली ट्यूब पेटलेली दिसली तरी तिचा जोर गेलेला असतो.

सोबत तीन दिवस अंधार. चारही बाजूंनी काळं कापड किंवा पुठ्ठा, वरूनही. पंप चालू, एक एअरस्टोन जास्तीचा, कारण मरणारे डायनो ऑक्सिजन खातात. माशांना अगदी थोडं खाणं. ७२ तासांनंतर दिवे एकतृतीयांश जोरावर सुरू करून आठवड्यात पूर्ववत करा. नायट्रेट-फॉस्फेट वर न आणता नुसता अंधार केला तर चौथ्या-पाचव्या दिवशी डायनो जसेच्या तसे परत.

अँफिडिनियम असेल तर हे दोन्ही व्यर्थ. ते वाळूत दडून राहतं, वर येतच नाही. तिथे डायटमना उभं करावं लागतं: सोडियम सिलिकेट हळूहळू घालून सिलिकेट १ ते २ पीपीएमवर ठेवा. द्रावण अल्कली असतं, म्हणून जोरदार प्रवाहात थेंबाथेंबाने, आणि सिलिकेट किटशिवाय नकोच. वाळूवर तपकिरी धूळ बसली आणि धागे हरले की काम होतंय. जोडीला एखाद्या जुन्या, निरोगी टँकमधली वाटीभर वाळू किंवा खडकाचा तुकडा आणा. मालवण किंवा दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्यावरून मात्र काही उचलू नका. दगडी कोरल वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत, मेलेला तुकडासुद्धा.

सायनो निघाले तर

प्रकरण हलकं. पापुद्रा उपसा, तिथला प्रवाह वाढवा, वाळूतला गाळ काढा, १५ टक्के पाणी बदला, आणि पंधरा दिवस हेच करा. ‘रेड स्लाइम’वरची (म्हणजे सायनोवरचीच) पावडर वापरायचीच झाली तर एअरस्टोन आधी लावा, ऑक्सिजन झपाट्याने खाली येतो. टॉप-अपचं (बाष्प होऊन गेलेलं भरून काढायचं) पाणीही तपासा. घरच्या आरओ प्युरिफायरमध्ये टीडीएस कंट्रोलर असेल तर तो कच्चं पाणी परत मिसळतो. टँकला ० टीडीएसचं आरओ-डीआयच हवं.

उतरणीला लागल्यावर

डायनो मागे हटताना काचेवर हिरवी झिलई आणि खडकावर थोडे हिरवे केस येतात. चांगलं लक्षण आहे, लगेच जीएफओ टाकून ते मारायला जाऊ नका. धागे सलग दोन आठवडे दिसले नाहीत की १० टक्क्यांपासून पाणीबदल सुरू करा. गोगलगायी त्यानंतरच आणा, आधी दोन-तीनच, आणि आठवडाभर त्या काचेवर चालताना दिसल्या तर उरलेल्या.