मॉनिटर निवडताना: आधी टेबल मोजा, मग इंच, मग ठिपके

मॉनिटर बघायला निघण्याआधी मोजपट्टी काढा आणि टेबलाची खोली मोजा, म्हणजे भिंतीकडच्या कडेपासून तुमच्या बाजूच्या कडेपर्यंत. ऑनलाइन मिळणारी बरीच कॉम्प्युटर टेबलं ४५ सेंटिमीटर खोल असतात, ऑफिसातली ६० ते ७५. मॉनिटरचा स्टँड मागे जागा खातो, त्यामुळे स्क्रीन भिंतीपासून १२ ते १५ सेंटिमीटर पुढे येते. आपले डोळे टेबलाच्या कडेपासून १५-२० सेंटिमीटर मागे असतात. हिशेब केला तर ४५ च्या टेबलावर डोळा ते स्क्रीन हे अंतर जेमतेम ५० सेंटिमीटर उरतं, ६० च्या टेबलावर सुमारे ६५ आणि ७५ च्या टेबलावर ८०. पुढचं सगळं या एका आकड्यावरून ठरवायचं.

५० सेंटिमीटरवर साडेएकवीस ते २४ इंची मॉनिटर बरा. ६५ वर २४ किंवा २७, आणि ८० च्या आसपास २७ ते ३२. ५० सेंटिमीटरवर २७ इंची ठेवला तर कडेचा मजकूर वाचायला दर वेळी मान वळवावी लागते. दुकानात पाच मिनिटं उभं राहून हे कळत नाही, घरी संध्याकाळपर्यंत मान धरते. टेबल उथळ असूनही मोठा मॉनिटर हवाच असेल तर कडेला आवळून बसवायचा मॉनिटर आर्म घ्या. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर ७५×७५ किंवा १००×१०० मिलिमीटरवर चार भोकं आहेत का ते आधी पाहा. काही स्वस्त मॉडेलांना ती नसतात. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर आर्मच्या कोपराला मागे जागा मिळत नाही, तो बाजूला दुमडावा लागतो. काचेच्या टेबलाला आर्म आवळू नका.

आता इंचांविषयी. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. खोक्यावर सेंटिमीटर छापलेले असतील तर २.५४ ने भागा: ६०.४५ सेंटिमीटर म्हणजे २३.८ इंच (बोलताना २४), ८०.०१ म्हणजे साडेएकतीस (बोलताना ३२). नेहमीच्या १६:९ आकारात २४ इंची स्क्रीन सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असते, २७ इंची ६० बाय साडेतेहतीस, ३२ इंची ७० बाय ३९. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. म्हणजे २४ इंची स्क्रीनवर अख्खं पान खऱ्या आकारात जेमतेम मावेल, पण वरच्या मेन्यूला आणि खालच्या टास्कबारला जागा उरत नाही. २७ इंचीवर चार सेंटिमीटर जास्त मिळतात आणि पान जवळपास पूर्ण दिसतं. पत्रिका, अर्ज, अंक, पुस्तकं लावणाऱ्यांनी २७ चा विचार करावा तो मुख्यतः या चार सेंटिमीटरसाठी.

ठिपके किती, आणि ते किती दाटीने

स्क्रीनवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं (पिक्सेलचं) बनलेलं असतं. रिझोल्युशन म्हणजे आडवे गुणिले उभे ठिपके. जुन्या साडेअठरा इंची मॉनिटरवर १३६६×७६८ असतं. फुल एचडी म्हणजे १९२०×१०८०. त्यावरचं क्यूएचडी म्हणजे २५६०×१४४०. दुकानात त्याला 'टू-के' म्हणतात, पण काही जाहिराती फुल एचडीलाही तेच नाव देतात, म्हणून नावावर जाऊ नका, आकडे वाचा. फोर-के म्हणजे ३८४०×२१६०, फुल एचडीच्या बरोबर चौपट ठिपके.

नुसत्या ठिपक्यांच्या संख्येवरून काही कळत नाही. ते किती जागेत बसवलेत हे महत्त्वाचं, आणि त्याचं माप पीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके. ते काढायला तीन आकडे लक्षात ठेवा: फुल एचडीसाठी २२०३, क्यूएचडीसाठी २९३७, फोर-केसाठी ४४०६. हे कर्णावरचे ठिपके. त्यांना इंचांनी भागा, झालं. २३.८ इंची फुल एचडी: ९३. २७ इंची फुल एचडी: ८२. २७ इंची क्यूएचडी: १०९. साडेएकतीस इंची क्यूएचडी: ९३. साडेएकतीस इंची फोर-के: १४०. २७ इंची फोर-के: १६३.

आता हा पीपीआय टेबलाच्या अंतराशी जोडा. ८७०० ला पीपीआयने भागलं की जे सेंटिमीटर येतात, त्या अंतरापलीकडे चांगल्या नजरेलाही सुटे ठिपके दिसत नाहीत. ९३ पीपीआयला हे अंतर ९४ सेंटिमीटर येतं, १०९ ला ८०, १४० ला ६२ आणि १६३ ला ५३. त्याच्या आत बसलात तर ठिपके दिसू लागतात. थोडे दिसले म्हणून काम अडत नाही, आज कितीतरी ऑफिसं २४ इंची फुल एचडीवर चालतात. पण २७ इंची फुल एचडीला हे अंतर १०६ सेंटिमीटर येतं आणि एवढ्या लांब टेबलाशी कुणीच बसत नाही. वाचण्या-लिहिण्याच्या कामासाठी तो मॉनिटर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

याचं कारण आपल्या अक्षरांतच आहे. विंडोजमध्ये १०० टक्के स्केलवर (स्केल म्हणजे अक्षरं-चिन्हं किती पट मोठी दाखवायची ते) १२ पॉइंटचं अक्षर १६ ठिपक्यांच्या उंचीत बसवलं जातं. रोमन अक्षराला तेवढे पुरतात. देवनागरीला त्याच १६ ठिपक्यांत शिरोरेघ, वरची वेलांटी, तिच्यावर रफार, रफारावर अनुस्वार आणि खाली उकार किंवा ऋकार एवढं सगळं बसवायचं असतं. २३.८ इंची फुल एचडीवर ही उंची ४.४ मिलिमीटर भरते, २७ इंची फुल एचडीवर ५ मिलिमीटर. अक्षर मोठं झालं, पण ठिपके १६ च राहिले, नुसते जाड झाले. २७ इंची फोर-केवर १५० टक्के स्केल ठेवलं तर अक्षर ३.७ मिलिमीटरचं, पण त्यात २४ ठिपके. लहान असूनही ते जास्त स्वच्छ वाचता येतं.

पारखायला एक ओळ घ्या: 'राष्ट्रकूटांच्या तऱ्हेतऱ्हेच्या मूर्तींची वृद्धिंगत कीर्ती'. निर्मला यूआय किंवा मंगल फाँटमध्ये १२ पॉइंटला टाइप करा, झूम १०० टक्के ठेवा आणि आपल्या नेहमीच्या अंतरावर बसून पाहा. 'र्तीं'मधला रफार आणि अनुस्वार सुटे दिसतात का? 'ष्ट्र'च्या खालचा 'ट्र' ओळखू येतो, की काळा गोळा दिसतो? 'द्धिं'मधला 'ध' कळतो का? मुद्रितशोधन करणाऱ्याला अनुस्वार आहे की नाही हेच दिसलं नाही, तर बाकी कितीही सोयी असल्या तरी काय उपयोग? शक्य असेल तर ही फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. तिथे बहुतेक वेळा रंगीत व्हिडिओ लावून ठेवलेला असतो आणि त्यावरून अक्षरांबद्दल काहीही कळत नाही.

कामाप्रमाणे निवड

हिशेबाच्या तक्त्यांना आडवी जागा लागते. एक्सेलचा ठरावीक कॉलम ६४ ठिपके रुंद असतो. १०० टक्क्यांवर १३६६ च्या स्क्रीनवर २० कॉलम दिसतात, १९२० वर २९ आणि २५६० वर ३९. पण ही जागा स्केलिंगने घटते: क्यूएचडी १२५ टक्क्यांवर चालवलं तर जागा २०४८×११५२ एवढीच, फोर-के १५० टक्क्यांवर क्यूएचडीएवढी आणि २०० टक्क्यांवर फुल एचडीएवढी. म्हणजे १५० टक्क्यांवरचा २७ इंची फोर-के आणि १०० टक्क्यांवरचा २७ इंची क्यूएचडी यांत मजकूर सारखाच मावतो. जास्तीचे पैसे जातात ते रेखीवपणासाठी.

नुसतं अकाउंट्स, ईमेल आणि ऑनलाइन क्लास असेल तर २४ इंची फुल एचडी आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा पडद्याचा प्रकार) पुरे. दिवसभर मराठी मजकूर, डीटीपी किंवा कोडिंग असेल तर २७ इंची क्यूएचडी हा बेताच्या खर्चातला चांगला पर्याय, आणि परवडत असेल तर २७ इंची फोर-के. टेबल ४५ सेंटिमीटरचंच असेल तर २३.८ इंची क्यूएचडी शोधा. कमी दुकानांत मिळतो, पण १२३ पीपीआय देतो. ३२ इंची घ्यायचा तर फोर-केच घ्या. ३२ इंची क्यूएचडीचे ठिपके २४ इंची फुल एचडीएवढेच जाड असतात. ३४ इंची रुंद मॉनिटर (३४४०×१४४०) उंचीला २७ इंची क्यूएचडीएवढा असतो, फक्त आडवा वाढतो. मॅकला जोडणार असाल तर ११० च्या आसपास किंवा २२० च्या आसपास पीपीआय त्याला मानवतो.

केबल आणि पोर्ट

मॉनिटर फोर-के आणि माउसचा बाण अडखळत चालतोय, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा एचडीएमआय १.४ चं पोर्ट असतं. त्यातून फोर-के सेकंदाला फक्त ३० वेळाच जातं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं, आणि ते लॅपटॉप, केबल आणि मॉनिटर या तिन्हींत हवं. एकही जुनं निघालं की गाडी ३० वरच. म्हणून फोर-के घेण्याआधी लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती काढून कमाल रिझोल्युशन किती हर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला किती वेळा) मिळतं ते वाचा. यूएसबी-सीच्या प्रत्येक पोर्टातून चित्र बाहेर पडत नाही. शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण आहे का ते पाहा.

व्हीजीए केबल असेल तर ती काढा. सिग्नल अॅनालॉग होऊन जातो आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. जुन्या मशीनवर दुसरा इलाजच नसेल तर मॉनिटरच्या मेन्यूतलं 'ऑटो अॅडजस्ट' एकदा दाबा.

जोडल्यावर काय करायचं

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा. रिझोल्युशनसमोर 'रेकमेंडेड' लिहिलेलं असेल तेच ठेवा. अक्षरं बारीक वाटली की पुष्कळ जण रिझोल्युशन उतरवतात, आणि इथेच घोटाळा होतो. क्यूएचडीवर फुल एचडी लावलं तर एका ठिपक्याला सव्वा-दीड ठिपक्यांत ताणावं लागतं आणि सगळं धूसर होतं. रिझोल्युशनला हात लावू नका, 'स्केल' वाढवा. २७ इंची क्यूएचडीला १०० किंवा १२५ टक्के, २७ इंची फोर-केला १५०, ३२ इंची फोर-केला १२५ ते १५०. मग 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं, तो तपासा. ७५ किंवा १०० हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच पडून राहिलेला बरेचदा सापडतो. शेवटी स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' (अक्षरांच्या कडा रेखीव करणारी विंडोजची सोय) शोधून त्याच्या पाच पानांवर जे अक्षर तुम्हाला सर्वांत ठसठशीत दिसेल ते निवडत जा.

स्क्रीनच्या कडा कापल्या जात असतील किंवा चारही बाजूंनी काळी पट्टी येत असेल, तर मॉनिटर एचडीएमआयला टीव्ही समजतोय. त्याच्या मेन्यूत ओव्हरस्कॅन (टीव्हीसारखं चित्र ताणून कडा कापणं) बंद करा आणि इनपुटचा प्रकार 'पीसी' ठेवा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'लिमिटेड'ऐवजी 'फुल रेंज' निवडा. लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडेला रंग ओघळल्यासारखा दिसत असेल तर तिथेच रंग पाठवायची पद्धत वायसीबीसीआर (YCbCr) बदलून आरजीबी (RGB) करा.

१२५ किंवा १५० टक्क्यांवर एखादं जुनं सॉफ्टवेअर एकटंच धूसर दिसेल, बाकी सगळं स्वच्छ. त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे 'ओव्हरराइड'वर खूण करून 'सिस्टिम एनहान्स्ड' निवडा. त्यानेही खिडकीतली बटणं विस्कटली तर खूण काढा आणि तेवढ्यापुरतं धूसर चालवून घ्या.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली ठेवा. चाळिशीचा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी पाच-सात सेंटिमीटर खाली आणि थोडी मागे कललेली. नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी सतत वर राहते.

लॅपटॉपशेजारी मॉनिटर लावलात तर दोघांचं स्केल वेगवेगळं ठेवा. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉप १४१ पीपीआयचा असतो, त्याला १२५ टक्के. शेजारच्या २४ इंचीला १००. तीच मराठी ओळ दोन्हीकडे ओढून पाहा आणि मोठ्या स्क्रीनवर ती थोडी मोठी राहील असं बसवा, कारण तो मॉनिटर लॅपटॉपपेक्षा डोळ्यांपासून लांब असतो.