ईआयए अहवालातील दुर्मिळ प्रजाती तपासताना या चुका टाळा

‘अभ्यासक्षेत्रात एकही संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही.’ पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे ईआयएच्या, अहवालात हे वाक्य दिसले की बरेच जण पान उलटतात. तिथेच थांबायला हवे. प्रजातींची यादी शेवटी वाचा. आधी पाहणी कोणत्या तारखांना, किती तास आणि नेमकी कुठे झाली ते शोधा. हे अहवालात नसेल, तर त्या वाक्याला काहीही आधार नाही.

पाहणीचा ऋतू न पाहणे

सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होते. बहुतेक प्रकल्पांत पायाभूत माहिती पावसाळा वगळून एका ऋतूत गोळा करतात. हवेसाठी ते योग्यच आहे, कारण पावसाने धूळ बसते आणि प्रदूषणाची मोजमापे कमी येतात. पण तेच वेळापत्रक जीवसृष्टीला लावले की कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, अनर्थ होतो. मार्चमध्ये सडा म्हणजे उघडा कातळ दिसतो. कंदीलपुष्पे आणि वायतुरा तेव्हा कंदरूपाने जमिनीत असतात. सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांचा मागमूसही नसतो. सातबाऱ्यावर जागा पोटखराब, अहवालात पडीक, आणि पाहणीत काहीच सापडले नाही. तिन्ही नोंदी एकमेकींना दुजोरा देतात आणि जागा रिकामी ठरते.

म्हणून सड्यासाठी किमान दोन फेऱ्या मागा: पहिल्या पावसात बेडूक आणि भेकांसाठी, ऑगस्ट-सप्टेंबरात वनस्पतींसाठी. माळरानावर तणमोर या पक्ष्याचा विणीचा काळही पावसाळ्याचाच. नर गवतातून उड्या मारतो तेव्हाच तो नजरेस पडतो.

दिवसाची वेळही तपासा. 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा दिवसा वावरतो. घुबडांची पाहणी फक्त रात्री केली असेल, तर तो नसल्याचा दावा टिकत नाही.

‘दिसली नाही’ म्हणजे ‘नाही’ असे धरणे

समजा, एखादी प्रजाती तिथे आहे आणि एका भेटीत ती दिसण्याची शक्यता 30 टक्के आहे. भेटी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर 3 भेटींनंतरही ती न दिसण्याची शक्यता 34 टक्के उरते. ती 5 टक्क्यांच्या खाली आणायला 9 भेटी लागतात. अहवालात ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ एवढेच लिहिले असेल, तर भेटींची संख्या, पाहणीसाठी चाललेल्या रेषांची लांबी, वनस्पती मोजायला आखलेल्या चौकटींची संख्या आणि प्रत्येकाचे जीपीएस बिंदू मागा. बिंदू नकाशावर टाकून पाहा. ते सगळे रस्त्याच्या कडेला पडले, तर प्रकल्पाच्या मूळ जागेची पाहणी झालेलीच नाही.

मोठ्या वर्तुळात नुकसान विरघळू देणे

अभ्यासक्षेत्र साधारणपणे 10 किलोमीटर त्रिज्येचे असते, म्हणजे सुमारे 314 चौरस किलोमीटर. त्यात 50 हेक्टरचा प्रकल्प 0.16 टक्के भरतो आणि ‘परिणाम नगण्य’ लिहिणे सोपे जाते. टक्केवारी त्या प्रजातीच्या अधिवासाची मागा, वर्तुळाची नव्हे. प्रजाती एकाच सड्यावर असेल, तर 50 हेक्टर म्हणजे कदाचित सगळाच अधिवास.

कुंपणाबाहेरचे कामही मोजा: पोचरस्ता, खडी-मुरुमाची खाण, पाण्याची लाइन, वीजवाहिनी. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, वजन जास्त असल्याने ऐनवेळी वळताही येत नाही. म्हणून तो तारांवर आदळून मरतो. वीजवाहिनीला 2006 च्या ईआयए अधिसूचनेखाली वेगळी पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे ती मुख्य प्रकल्पाच्या अहवालात आली नाही तर तिचा हिशेब कोणीच करत नाही.

जुनी यादी ओळखू न येणे

वन्यजीव संरक्षण कायद्यातील 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आता अनुसूची चारच आहेत. 1 व 2 प्राण्यांसाठी, 3 वनस्पतींसाठी, 4 आंतरराष्ट्रीय व्यापारातील प्रजातींसाठी. नव्या अहवालात ‘अनुसूची 5’ किंवा ‘6’ दिसली, तर यादी जुन्या अहवालातून उचललेली असण्याची दाट शक्यता. बेडकासाठी ‘राना टायग्रिना’ हे जुने शास्त्रीय नावही तेच सुचवते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अपुरी माहिती’ असा शेरा असलेली प्रजाती सुरक्षित समजू नका. तिला धोका किती हे ठरवण्याइतकी माहिती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

झाडे लावली की भरपाई झाली, हे मान्य करणे

सड्यावर किंवा माळावर माती टाकून केलेला हरितपट्टा स्वतःच अधिवास मोडतो. तिथल्या वनस्पतींना पातळ माती आणि उघडे ऊन लागते. कंद उपटून दुसरीकडे लावण्याचा प्रस्ताव असेल तर पर्यायी जागेवरचे पाणी, मातीची खोली आणि पुढील काही वर्षांच्या नोंदींची हमी विचारा. त्याही आधी विचारायचे ते हे: आराखडा सरकवून ही जागा टाळता येते का?

हरकत मोघम लिहिणे

जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी येते. मराठी सारांशावर थांबू नका. पूर्ण मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. सुनावणी उन्हाळ्यात असेल तर जागेवर दाखवायला काही नसते, म्हणून जुने पुरावे जोडा: गावाची लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या जीवसृष्टीची स्थानिक नोंद), भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रातील वाळवलेले नमुने, तारखेसह छायाचित्रे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे ठिकाण मुद्दाम काही किलोमीटर हलवलेले असते; तो बिंदू पुरावा म्हणून देऊ नका, नोंद करणाऱ्याला खरा विचारा. तो मिळाला तरी जाहीर प्रतीत फक्त तालुका लिहा, कारण कंद आणि प्राणी चोरणारेही ही कागदपत्रे वाचतात. नेमके ठिकाण अधिकाऱ्यांना स्वतंत्र बंद पाकिटात द्या. मागणी मात्र नेमकी करा: कोणता गट, कोणता महिना, किती भेटी, आणि निकाल येईपर्यंत मंजुरीचा निर्णय थांबवावा.