काल पाठवलाय : मराठी माध्यमातून आलेल्यांचं लेखी इंग्रजी

मी मराठी माध्यमाचा. आमच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं 2000 साली, तोवर मी पुढच्या वर्गात गेलो होतो. डिप्लोमा करून चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात पुरवठादाराला मेल लिहायची वेळ आली. पाच ओळींना पाऊण तास लागला.

लॉट कधी आला, कोणी तपासला, कुठलं गेज लावलं, भोक किती मोठं भरलं, लाइन कशी थांबली, सगळं ओळीने लिहिलं आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. सिनियरने वाचून विचारलं, "अरे, पण त्यांनी नेमकं करायचं काय?" गुरुवारपर्यंत 200 नग बदलून हवे होते. तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

आपण मराठीत आधी कारण सांगतो, मग 'म्हणून' येतं, मग मागणी. थेट मागणं उद्धटपणाचं वाटतं. इंग्रजीत कामाच्या मेलमध्ये मात्र मागणी पहिल्याच वाक्यात हवी: 'प्लीज रिप्लेस 200 पार्ट्स बाय थर्सडे.' कारणं त्याखाली. 'प्लीज' आहे, तेवढा मान पुरतो. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, व्याकरणाचं नंतर.

व्याकरणाचं म्हणाल, तर आपल्या चुका वाटेल तशा होत नाहीत. त्यांच्या खाली एक अचूक मराठी वाक्य असतं. 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टरडे' हे कुठून आलं? 'रिपोर्ट काल पाठवलाय' यातून. मराठीत 'काल' आणि 'पाठवलाय' सुखाने एकत्र नांदतात. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की 'हॅव' जातं, 'आय सेंट' उरतं. 'दोन वर्षांपासून काम करतोय' याचं आपण 'आय ॲम वर्किंग सिन्स टू इयर्स' करतो. हवं 'आय हॅव बीन वर्किंग फॉर टू इयर्स'. 'त्याबद्दल चर्चा केली' यातलं 'बद्दल' आपल्याला 'डिस्कस अबाउट' लिहायला लावतं, पण 'डिस्कस'ला 'अबाउट' चालत नाही.

म्हणून एक दोनशे पानी वही करा. डावीकडे आपलं चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्त केलेलं, आणि खाली ज्या मराठी वाक्यातून चूक आली ते. हे तिसरं सोडू नका. माझ्या वहीत चार महिन्यांत जेमतेम वीसेक प्रकारच्या चुका निघाल्या, बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती. मोबाइलमधलं दुरुस्तीचं ॲप वाक्य नीट करून देतं, तेही जरूर वापरा, पण आधी स्वतः लिहा आणि ॲपने बदललेलं वहीत उतरवा. नाहीतर तीच चूक उद्या पुन्हा होते.

'अ' आणि 'द' सगळ्यांत छळतात, कारण मराठीत ते नाहीत. मला उपयोगी पडलेली युक्ती अशी: शब्दाआधी 'एक' किंवा 'कुठलातरी' बसत असेल तर 'अ', 'तो, आपण बोललो तो' बसत असेल तर 'द'. 'एक नग सदोष निघाला, तो नग बाजूला ठेवला': पहिल्यांदा 'अ पार्ट', दुसऱ्यांदा 'द पार्ट'. सगळीकडे चालत नाही, पण रिपोर्टमध्ये बरंच काम भागतं. 'ॲडव्हाइस', 'इन्फॉर्मेशन', 'इक्विपमेंट' यांना 'अ' लागत नाही आणि शेवटी 'एस'ही लागत नाही. असे शब्द ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत बघा. मोजता न येणाऱ्या नामापुढे तशी खूण असते. हा शब्दकोश मुळात परक्यांसाठीच घडला. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना ए. एस. हॉर्नबी यांनी त्याचं काम केलं आणि 1948 मध्ये तो ऑक्सफर्डने काढला. इंग्रजी-मराठी कोश अर्थ सांगतो, हा शब्द वापरायचा कसा ते दाखवतो.

आणखी एक सराव, जुना पण खात्रीचा. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचे शिक्षक रॉजर ॲस्कम लॅटिन शिकवायला तो वापरत; 1570 मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकात तो दिला आहे. चांगल्या इंग्रजीतला एक परिच्छेद घ्या, मराठीत उतरवा, मूळ पान मिटून ठेवा. चार दिवसांनी आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करा आणि मूळाशेजारी ठेवून बघा. मी जुन्या, ग्राहकाने मंजूर केलेल्या एटडी रिपोर्टमधला (8D, म्हणजे तक्रारीचं कारण आणि उपाय मांडणारा रिपोर्ट) 'रूट कॉज'चा, म्हणजे मूळ कारणाचा, परिच्छेद घ्यायचो. पहिल्या खेपेला माझी सात वाक्यं झाली होती, मुळात तीन होती. माझ्या चार वाक्यांची सुरुवात 'सो'ने होती, आणि प्रत्येक 'सो'खाली एक 'म्हणून' होतं.