पंचाशी हुज्जत थांबवायची तयारी नाणेफेकीआधीच

कोल्हापुरात फुटबॉलमधली पेठापेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमपुरती राहत नाही, 14 वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यातही ती टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेघेवर, येऊन उभी राहते. तिथे माईकवरून 'पंचांचा मान राखा' सांगून काही होत नाही.

टचलाइनच्या 2 मीटर मागे फक्कीची दुसरी रेघ मारून दोरी बांधा. प्रेक्षक एका बाजूला, दोन्ही संघांचे बेंच समोरच्या बाजूला. पालक बेंचमागे उभे राहिले की कोच त्यांना दाखवण्यासाठी ओरडायला लागतो. दोरीजवळ प्रत्येक संघाचा एक माणूस हवा; आपली माणसं त्यानंच आवरायची. वजनदार काका निवडा, कॉलेजच्या पोराचं कोण ऐकतंय?

नाणेफेकीवेळी पंचानं दोन्ही कोचनाही बोलावून सांगावं: निर्णयाबद्दल फक्त कॅप्टननं विचारायचं. गोलकीपर कॅप्टन असेल तर त्याच्याऐवजी बोलणारा आधीच ठरवा, नाहीतर तो अर्धं मैदान पळत येतो. 'सर, फाउल कशाचा?' चालेल. हातवारे करून हुज्जत घातली तर पिवळं कार्ड, शिवी दिली तर लाल.

सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे उलट बोलणाऱ्याला थोडा वेळ बाहेर बसवणं. इंग्लंडमध्ये तळच्या लीगमध्ये 2019-20 पासून हे सर्रास चालतं. नुसत्या पिवळ्या कार्डाचं खेळाडूला फारसं काही वाटत नाही. पण संघाला दहा जणांवर खेळावं लागलं की सोबतीच त्याला गप्प करतात. स्पर्धेच्या नियमावलीत ही तरतूद आधी लेखी घाला. वेळ एकूण सामन्याच्या 10 ते 15 टक्के: 90 मिनिटांना 10, 60 मिनिटांना 6 ते 9 मधला एकच आकडा, सगळ्यांना तोच. घोळ घड्याळात होतो. शिक्षेची वेळ कार्ड दाखवल्यापासून नाही, खेळ पुन्हा सुरू झाल्यापासून मोजायची; टेबलावरच्या माणसाकडे त्यासाठी वेगळं घड्याळ द्या. त्या वेळात त्याच्या जागी बदली खेळाडू नाही, आणि परतायचं ते पंचाच्या खुणेनंच.

कार्ड कोचलाही दाखवता येतं. बेंचवरून नेमकं कोण ओरडलं ते कळलं नाही, तर तिथल्या वरिष्ठ कोचला.

पंचांचंही चुकतं. पहिल्या दहा मिनिटांत ऐकून सोडलेला टोमणा सत्तराव्या मिनिटाला घेराव होऊन येतो. शिट्टी खणखणीत, इशारा ठळक, कारण एका वाक्यात, मग तिथून हलायचं.

मानधनाचं पाकीट सामन्याआधीच द्या. तक्रार दुसऱ्या दिवशी, लेखी, क्लबच्या सहीनंच घ्या.