अंगावरचं दूध सोडवताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त त्रास होतो तो एका दिवसात दूध तोडल्यामुळे. 'एकदाच काय ते रडून घेऊ दे' असं म्हणून बाळाला रात्री दुसऱ्या कुणाजवळ झोपवतात. इकडे सकाळपर्यंत आईची छाती दगडासारखी होते, ठणका काखेपर्यंत जातो आणि हात वर करणंही नको होतं. छातीतून जेवढं दूध निघतं त्या हिशेबाने शरीर पुढचं दूध बनवतं. मागणी थांबली हे शरीराला लगेच कळत नाही, काही दिवस जावे लागतात. तोवर दूध साचतं, गाठी होतात, कधी स्तनदाह होऊन ताप भरतो.

म्हणून एका वेळी एकच पाजणं कमी करा आणि पुढचं कमी करण्याआधी तीन ते सात दिवस थांबा. सुरुवात दुपारच्या पाजण्यापासून करा, कारण तेव्हा बाळ खेळात असतं आणि खाण्यावर भागतं. झोपतानाचं दूध सगळ्यात शेवटी सोडवा.

छाती जड झाली तर हाताने थोडं दूध पिळून काढा, पण बरं वाटेल इतकंच. पूर्ण रिकामी केलीत तर तेवढंच पुन्हा भरेल. गार पट्टीने आराम पडतो. छाती कापडाने आवळून बांधण्याचा सल्ला मात्र ऐकू नका, त्याने गाठी वाढतात. लाल चट्टा, दुखरी गाठ आणि थंडी वाजून ताप असेल तर डॉक्टरांकडे जा. अशा वेळी दूध एकदम बंद करू नका. स्तनदाहात पाजत राहिलं तरी बाळाला अपाय होत नाही.

बाळाने अचानक तोंड फिरवलं की 'त्यानेच सोडलं' असं धरून चालणं, ही दुसरी मोठी चूक. एक वर्षाच्या आतलं बाळ सहसा असं एका दिवसात सोडत नाही. नाक चोंदलंय का, दात येताहेत का, कान दुखतोय का, तोंडात पांढरे चट्टे आहेत का, ते आधी पाहा. अर्धवट झोपेत, शांत खोलीत पुन्हा अंगावर घेऊन बघा, मधल्या वेळात दूध काढत राहा आणि शू नेहमीसारखी होतेय याकडे लक्ष ठेवा.

पहिल्या काही आठवड्यांनंतर छाती मऊ लागते, तेव्हा दूध आटलं असं वाटून अनेकजणी थांबतात. खरं तर दूध बाळाच्या गरजेप्रमाणे बसलेलं असतं.

वर्षानंतर दुधाचं पाणी होतं, हेही खोटं. जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नासोबत 2 वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ पाजायला सांगते. त्याआधी थांबायचं असेल तर तो निर्णय आईचा आहे, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. एखाद्या औषधामुळे थांबायला सांगितलं असेल, तर पाजताना चालेल असं दुसरं औषध आहे का, हे आवर्जून विचारा. बऱ्याचदा असतं.

वर्षाच्या आत सोडवलंत तर मुख्य दूध म्हणून फॉर्म्युलाच (बाळांसाठीचं पावडरचं दूध) द्या. गाईचं दूध त्याची जागा घेत नाही, त्यात लोह फार कमी असतं. वर्षानंतर साधं दूध चालेल, पण कपाने आणि दिवसाला साधारण अर्ध्या लिटरच्या आत. त्याहून जास्त झालं की पोट दुधानेच भरतं आणि जेवण मागे पडतं.

स्तनाग्रांना कडू किंवा तिखट लावू नका. जिथे आजवर धीर मिळाला तिथेच मूल दचकतं, म्हणून ही पद्धत मला अजिबात पटत नाही. स्वतःहून देऊ नका, मागितलं तर नाकारू नका, एवढ्यावरही पुष्कळ मुलं हळूहळू सोडतात. पाजायची नेहमीची जागा टाळा, झोपवायचं काम काही दिवस बाबांकडे द्या. मूल आजारी असताना, घर बदलताना किंवा पाळणाघर नुकतंच सुरू झालेलं असताना हे काम काढूच नका.

दूध सुटल्यावर आईला उदास वाटणं, रडू येणं यामागे संप्रेरकांतले बदलही असतात. दोन आठवड्यांनंतरही ते ओसरलं नाही तर डॉक्टरांशी बोला. दाबल्यावर दुधाचे थेंब कित्येक आठवडे येऊ शकतात, त्याची काळजी नको. रक्त आलं किंवा एखादी गाठ तशीच राहिली तर मात्र तपासून घ्या.