रॅमचं टायमिंग कसताना: व्होल्टेज, टीआरएफसी आणि उन्हाळा

रॅम आणखी वेगाने पळवायची म्हटलं की ‘एक्सएमपी (रॅममध्येच साठवलेली वेगवान सेटिंग) चालू कर, व्होल्टेज दीडपर्यंत ने, काही होत नाही’ असं सांगणारे भरपूर भेटतात. काही झालंच, तर निस्तरायला त्यांतला एकही येत नाही. खालचे आकडे रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड आणि ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० स्टिक धरून दिले आहेत.

सुरुवातीला फायलींचा बॅकअप घ्या आणि सीमॉस क्लिअर करायचा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणायचा, जंपर बोर्डवर कुठे आहे ते बघून ठेवा. बॅकअपचा कंटाळा करू नका. बिघडलेली रॅम चुकीचा डेटा गुपचूप डिस्कवर लिहीत राहते, आणि विंडोज रडायला लागेपर्यंत पत्ताही लागत नाही.

मग बायोसमध्ये हे आकडे टाका: वेग ३६००, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा क्लॉक) १८००, टायमिंग १८-२२-२२-४२, रॅमचं व्होल्टेज १.३५. मशीन बूट झालं की पुढे.

एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या, रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) ‘ऑटो’वर मुळीच सोडू नका. रॅमचा वेग वाढवला की बरेच बोर्ड ते स्वतःच नको तेवढं चढवतात. हाताने १.१ टाका. मी १.१५ च्या वर जात नाही.

आता सीएल, म्हणजे टायमिंगमधला पहिला आकडा: मागितलेला डेटा द्यायला रॅम किती क्लॉक घेते ते. विलंब काढायचं गणित सोपं आहे: सीएल गुणिले २०००, भागिले वेग. ३२०० ला १६ म्हणजे १० नॅनोसेकंद, ३६०० ला १८ म्हणजेही १०च. ३६०० ला १६ जमलं तर ८.९. म्हणून रॅमचं व्होल्टेज १.४० वर नेऊन सीएल १६ करून बघा. १५ टाकायच्या भानगडीत पडू नका. गियर डाउन मोड (बायोसमधली एक सेटिंग, जिच्यात सीएल समच चालतो) चालू असेल तर बोर्ड त्याचं १६च करतो आणि लोक उगाच मित्रांना स्क्रीनशॉट पाठवत बसतात.

खरी डोकेदुखी टीआरएफसीची. मलाही सगळ्यात जास्त यानेच छळलंय. रॅमचे सेल गळके असतात, त्यांना ठरावीक वेळाने पुन्हा चार्ज द्यावा लागतो. त्या कामाला किती क्लॉक द्यायचे, ते हा आकडा ठरवतो. तेवढा वेळ रॅम वाचता येत नाही, म्हणून आकडा उतरला की फरक जाणवतो. झेनटायमिंग्ज (चालू टायमिंग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलंत की बहुधा ६३० दिसेल. वेग ३६०० असताना या आकड्याला १.८ ने भागा: ३५० नॅनोसेकंद.

इथून २०-२० ने खाली या, आणि एका वेळी हा एकच आकडा हलवा. कुठवर उतरेल ते चिपवर आहे. सॅमसंग बी-डाय (डाय म्हणजे चिपचा प्रकार) असेल तर निम्म्यावरही येतो. मायक्रॉन ई-डाय साधारण ३०० नॅनोसेकंदांपाशी, म्हणजे ५४० च्या आसपास, अडून बसते. तिथे व्होल्टेज वाढवून काडीचाही उपयोग नाही, नुसती स्टिक तापते. अडली की व्होल्टेज चढवायचं ही सवय इथेच मोडा. रोजच्या मशीनवर १.४५ ही माझी शेवटची हद्द, तीही स्टिकवर पंख्याची हवा लागत असेल तरच.

दुसरी खोच उष्णतेची. सेल तापला की जास्त गळतो. डिसेंबरात पुण्यात रात्रभर टेस्टमेम५ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) बिनचूक चाललेलं सेटिंग मे महिन्यात नागपुरात गेम चालू असताना कोसळू शकतं, कारण ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट स्टिकवर येते. म्हणून केसची झाकणं लावून, ग्राफिक्स कार्डवर लोड टाकून, दुपारच्या उकाड्यात टेस्ट लावा. एक जरी एरर आली तरी सेटिंग नापास. ‘एकच तर आहे’ हे चालणार नाही. जिथे एरर आली तिथून दोन पायऱ्या मागे या आणि पुन्हा पूर्ण टेस्ट करा.

उरलेली छोटी टायमिंग ऑटोवर राहिली तरी चालतात.

सगळं पास झालं की बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करा आणि आकड्यांचा मोबाइलवर फोटोही काढा. बायोस अपडेट केलं की जुनी प्रोफाइलं बऱ्याचदा उडतात.