टेस्टरवर लावण्यापूर्वी कपॅसिटर रिकामा करा
इंदूरच्या महाराणी रोडवरून जुन्या पॉवर सप्लायचे भाग आणून घरी तपासणाऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: कपॅसिटर (चार्ज साठवून ठेवणारा भाग) टेस्टरच्या, म्हणजे सुटे भाग तपासणाऱ्या यंत्राच्या, सॉकेटात बसवण्यापूर्वी त्याची दोन्ही टोके १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने काही वेळ जोडून ठेवावीत आणि मल्टिमीटरवर शून्य व्होल्ट दिसल्यावरच पुढे जावे. एटीमेगा ३२८ या मायक्रोकंट्रोलर चिपवर चालणाऱ्या स्वस्त टेस्टरमध्ये उरलेला चार्ज सरळ मायक्रोकंट्रोलरपर्यंत पोहोचून तो जाळू शकतो. मायक्रोफॅरडचा आकडा (क्षमता) बरोबर असला, तरी ईएसआर (आतला रोध) वाढलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मी वापरत नाही. टेस्टरचा चाचणीचा विद्युतदाब जेमतेम ५ व्होल्ट असल्यामुळे १२ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टला उलट दिशेनेही वाहू देणारा डायोड) तिथे साधा डायोड म्हणूनच दिसतो. तो चांगला असू शकतो, म्हणून खराब समजून फेकू नये.